2015 चे वर्ष: नाशिककरांनी काय पाहिले, काय ऐकले?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुढचा सिंहस्थ तोंडावर आल्यापासून घरात, नाक्यावर, बँकेच्या रांगेत, जिथे जावे तिथे मागच्या सिंहस्थाच्या गोष्टी निघतात आणि बोलता बोलता गाडी 2015 सालच्या चित्रपटांवर, मालिकांवर आणि नाटकांवर येऊन थांबते. तेव्हा म्हटले, या वर्षाचा एक रीतसर धागाच काढावा.

2015 हे आपल्या करमणुकीच्या इतिहासातले एका अर्थाने शेवटचे वर्ष होते, असे माझे मत आहे. नेटफ्लिक्स भारतात आले ते 6 जानेवारी 2016 रोजी आणि जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. त्यानंतर घरातला प्रत्येक माणूस आपापल्या फोनमध्ये शिरला. संपूर्ण घराने एकाच वेळी एकच गोष्ट पाहावी आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांशीही त्याच गोष्टीवर बोलावे, हे सर्रास घडलेले शेवटचे वर्ष म्हणजे 2015.

धाग्याचे नियम सोपे आहेत. गोष्ट 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2015 या काळातली हवी, ती नाशिक जिल्ह्यात पाहिलेली किंवा ऐकलेली हवी आणि तिच्यासोबत स्वतःची एक आठवण जोडायला हवी.

माझी निवड 'कट्यार काळजात घुसली'. 12 नोव्हेंबरला, ऐन पाडव्याच्या दिवशी तो प्रदर्शित झाला आणि आम्ही फराळाचे ताट तसेच झाकून ठेवून सहकुटुंब संध्याकाळच्या खेळाला गेलो. माझे वडील चित्रपटगृहात सहसा झोपतात. त्या दिवशी ते मध्यंतरातही खुर्चीवरून उठले नाहीत आणि आईने पुढे केलेला वडा त्यांनी पडद्याकडे पाहतच हातात धरून ठेवला.

---

पंचवटीकर

धागा उत्तम आहे, परंतु नियम क्रमांक एकवर माझी तीव्र हरकत नोंदवून घ्यावी. 'नटसम्राट' 1 जानेवारी 2016 रोजी प्रदर्शित झाला. ज्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी या गावात बसून ते नाटक लिहिले, त्यांच्याच गावच्या धाग्यावर तो चित्रपट एका दिवसाने बाद व्हावा, हा कुठला न्याय?

---

गोदाकाठ

पंचवटीकर, हरकत नोंदवून घेतली आणि फेटाळली. नाटकच घ्यायचे म्हटले, तर त्याचा पहिला प्रयोग डिसेंबर 1970 मध्ये झाला, म्हणजे तिकडूनही तुम्ही नियमात बसत नाही.

---

सिडकोची सून

धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा मला अजिबात मान्य नाही. 'संपूर्ण घर एकत्र पाहत असे' हे वाक्य ज्याच्या हातात रिमोट होता तोच लिहू शकतो. आमच्या घरी एकत्र पाहणे म्हणजे सासरे जे लावतील ते पाहणे, आणि तेही पोळ्या लाटता लाटता, स्वयंपाकघराच्या दारातून जेवढे दिसेल तेवढे. खंडोबाची मालिका मी कित्येक महिने निव्वळ कानांनी पाहिली. भंडारा उधळला की शंखध्वनी होई, त्यावरून कथानक कुठे पोहोचले ते मी ओळखत असे.

माझी निवड 'दिल दोस्ती दुनियादारी'. मार्चमध्ये ही मालिका सुरू झाली आणि ती रात्री उशिरा लागत असे, हेच तिचे मोठेपण. सगळे झोपलेले असत आणि ओटा आवरून झालेला असे. आवाज अगदी बारीक करून मी आणि माझी धाकटी नणंद सोफ्यावर पाय वर घेऊन बसत असू. सासू नाही, कटकारस्थान नाही, सहा तरुण मुले-मुली मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहतात, भांडतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात, एवढीच गोष्ट. पण पदवीनंतर लगेच लग्न होऊन आलेल्या मला ते एक न जगलेले आयुष्य वाटत असे. आशूच्या वेंधळेपणावर हसताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही तोंडात पदर आणि ओढणी कोंबत असू. नणंद आता बंगळुरूला असते आणि आमचे अर्धे बोलणे अजूनही त्या मालिकेच्या भाषेत चालते.

---

जुने नाशिक

कानांनी पाहिलेली मालिका! वहिनी, या धाग्यावरचे सर्वोत्तम वाक्य तुम्ही चौथ्याच प्रतिसादात लिहून टाकले आहे. आता आम्ही काय लिहावे?

---

निफाडचा बागायतदार

करमणुकीच्या धाग्यावर रडगाणे नको म्हणून लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. परंतु आमच्याकडे 2015 म्हटले की आधी फेब्रुवारी-मार्चची गारपीटच आठवते.

द्राक्षांचा माल काढणीला आलेला होता. गार बसली की मणी तडकतो, त्यातला रस खालच्या मण्यांवर ओघळतो आणि दोन दिवसांत अख्खा घड सडू लागतो. त्यामुळे बाया बारीक कात्री घेऊन एकेका घडातले खराब मणी काढत बसतात आणि खाली मातीत आंबूस वासाचा चिखल होतो. व्यापारी बांधावरूनच परत जातो. ते दिवस तसे होते.

त्या काळात आमच्या घरी 'चला हवा येऊ द्या' नेमाने पाहिले जाई. वडील दिवसभर कोणाशी बोलत नसत, जेवायला बसले तरी ताटाकडे पाहत नसत. एके रात्री कलाकारांनी गावाकडच्या लग्नाचा काही प्रसंग केला आणि वडील एकदम मोठ्याने हसले. आम्ही सगळे टीव्हीकडे पाहायचे सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिलो. पुढे त्या कार्यक्रमात तोचतोचपणा आला, विनोद ताणले जाऊ लागले, हे सगळे मला मान्य आहे. परंतु कोणी त्याला नावे ठेवू लागले की मी वाद घालत नाही, तिथून उठून जातो.

---

पंचवटीकर

बागायतदार, हे रडगाणे नव्हे. अवश्य लिहीत जा.

---

तंबोरा

धागाकर्त्यांच्या 'कट्यार'विषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे.

मूळ नाटक 1967 सालचे, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी रंगमंचावर ऐकला, अशी माणसे आमच्या घरात होती, त्यामुळे चित्रपटाला आम्ही परीक्षकाच्या आविर्भावातच गेलो. नाटकातला खाँसाहेब हा विद्येच्या आणि अहंकाराच्या कात्रीत सापडलेला मोठा कलावंत आहे. चित्रपटाने त्याला जरा जास्तच खलपुरुष केले, आणि कटाचा भाग वाढवल्यामुळे गाण्यातला झगडा थोडा मागे पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. सचिन पिळगांवकरांनी ती भूमिका मनापासून केली, याबद्दल मात्र दुमत नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो. वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी, खाँसाहेबांसाठी गावे आणि ते चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रणेतून अंगावर यावे, हा अनुभव मला कोणत्याही मैफलीत मिळालेला नव्हता. महेश काळे यांना 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही सर्वस्वी योग्य होता. माझ्याकडे त्या वेळी गाणे शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या त्या दिवाळीनंतर अचानक वाढली. सगळ्यांना पहिल्याच दिवशी 'सूर निरागस हो' शिकायचे होते. त्यांना अलंकार आणि पलटे घोटायला बसवल्यावर उन्हाळ्यापर्यंत वर्ग पुन्हा पूर्वीइतकाच झाला. टिकलेल्यांपैकी एक मुलगी मात्र आज उत्तम गाते, त्यामुळे चित्रपटाला माझ्याकडून जितके गुण द्यायचे होते, त्यापेक्षा थोडे अधिक देतो.

---

गोदाकाठ

तंबोराबुवा, खलपुरुषाचा मुद्दा मान्य आहे. मात्र ज्यांनी नाटक कधीच पाहिले नव्हते, अशा आमच्यासारख्यांना चित्रपटगृहात नाट्यसंगीतासाठी रांग लागलेली पाहणे हाच एक सोहळा होता, हेही लक्षात घ्यावे. त्याच दिवशी 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग आणि सलमान खानचा चित्रपटही लागलेला होता, तरी आम्हाला मिळाली ती थेट पुढची रांग.

---

शेवटची रांग

तुम्हाला पुढची रांग मिळाली, आम्हाला संपूर्ण चित्रपटगृह मिळाले होते.

माझी निवड चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, 17 एप्रिलला तो प्रदर्शित झाला आणि पुढे भारताकडून ऑस्करसाठीही गेला. त्याच एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ द्यावी, यावरून राज्यभर मोठा वाद पेटला होता. मी मोठ्या अभिमानाने मित्राला घेऊन गेलो, तर आत जेमतेम चार टाळकी बसलेली होती.

या चित्रपटात कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि माणसे त्याच्यासमोर आपापली कामे करत राहतात. सरकारी वकील बाई न्यायालयात कलमे वाचून दाखवतात, मग लोकलमध्ये बसून शेजारणीशी साडीविषयी बोलतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. मित्र अस्वस्थ होऊन सारखा घड्याळ पाहत होता. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा होतो. मित्र सुटकेचा निःश्वास टाकून उठला, चप्पल शोधू लागला, पुढच्या रांगेतले काकाही उठले, आणि तेवढ्यात पडद्यावर न्यायाधीश महाशयांची सहल सुरू झाली! काका अंधारात उभ्या उभ्याच म्हणाले, 'अजून आहे का?' त्यानंतरची काही मिनिटेच संपूर्ण चित्रपटाचा अर्थ बदलून टाकतात, आणि मित्राने ती एका पायात चप्पल घालून, उभ्यानेच पाहिली. आज तो स्वतः वकील आहे आणि तारीख पडली की मला फोन करून म्हणतो, 'अजून आहे.'

---

देवळालीचा कटप्पा

एवढ्या गंभीर चर्चेत माझे सदस्यनाम पाहून माझी निवड कळली असेलच. 10 जुलैला 'बाहुबली' आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, या प्रश्नाने पुढचे संपूर्ण वर्ष खाल्ले. उत्तर मिळायला एप्रिल 2017 उजाडावा लागला.

माझी आठवण साधुग्राममधली, म्हणजे सिंहस्थातल्या साधूंच्या वस्तीतली आहे. तपोवनात आम्ही महाविद्यालयातून स्वयंसेवक म्हणून जात होतो. आमच्यातल्या एका आगाऊ मुलाने एका वृद्ध महाराजांना, त्रिकालज्ञानी समजून, अतिशय नम्रपणे हाच प्रश्न विचारला. महाराजांनी डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, 'बेटा, जमीन का झगडा होगा.' दोन वर्षांनी दुसरा भाग पाहताना त्यांचे उत्तर फारसे चुकले नव्हते, असे लक्षात आले.

---

जुने नाशिक

सिंहासनाचा झगडा म्हणजे शेवटी जमिनीचाच. सातबारा पाहूनच महाराज बोलले असावेत.

---

पंचवटीकर

आता सिंहस्थ निघालाच आहे, तर नियम पाळून माझी आठवण लिहितो.

पहिली पर्वणी 29 ऑगस्टला होती आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा होती. गर्दीच्या धास्तीने बंदोबस्त इतका कडक होता की आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्र्याचे अडथळे लागले, गाड्या शहराबाहेरच थांबवल्या गेल्या आणि भाविकांना मैलोन्‌मैल चालत यावे लागले. परिणामी जेवढ्या गर्दीचा अंदाज होता, त्याच्या मानाने घाट ओस वाटले. आमच्या आईने धुळ्याच्या आणि मालेगावच्या पाहुण्यांसाठी परातभर पुऱ्या तळून ठेवल्या होत्या. पाहुणे आलेच नाहीत. त्या पुऱ्या आम्ही अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या पोलिसांना वाटल्या, आणि तेही पहाटेपासून उपाशी होते.

बहीण गंगापूर रोडला राहते. एरवी पंधरा मिनिटांचे अंतर, पण त्या दिवशी जणू नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळी गावे होती. मी टीव्हीवर रामकुंडातले शाही स्नान पाहत होतो, म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर चाललेली गोष्ट मी मुंबईहून प्रक्षेपित होताना पाहत होतो. फोनवर बहीण म्हणाली की तिच्याही घरी तेच चालू आहे. मग निर्मोही आखाड्याची मिरवणूक पडद्यावर येताच आम्ही दोघांनी फोन कानाला लावून ती एकत्र पाहिली. राखी दुसऱ्या दिवशी, होळकर पुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत बांधून घेतली. दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त सैल झाला आणि गर्दी अशी लोटली की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

ही करमणूक आहे का, असा प्रश्न धागाकर्ते विचारतील. त्या वर्षी मी पाहिलेले सर्वांत मोठे थेट प्रक्षेपण तेच होते.

---

गोदाकाठ

मान्य. नियमात चपखल बसते.

---

अंबड दुसरी पाळी

26 मार्च, सिडनी, विश्वचषकाचा उपांत्य सामना. आमच्या कारखान्यात त्या दिवशी पहिल्या पाळीच्या निम्म्या लोकांना एकदम ताप आला. मी दुसऱ्या पाळीचा असल्यामुळे प्रामाणिकपणे घरी बसून सामना पाहिला. ऑस्ट्रेलियाने 328 धावा केल्या आणि आपण 95 धावांनी हरलो. सामना संपेपर्यंत थांबता येणार नव्हते, म्हणून शेवटचे काही गडी मी कारखान्याच्या फाटकावर, सुरक्षारक्षकाच्या छोट्या रेडिओवर ऐकले. आत गेलो, तर तापाने फणफणलेली मंडळी दुसऱ्या दिवसाची रजा मिळावी म्हणून खरोखरच आजारी दिसत होती.

---

तिवंध्याचा धप्पा

एवढे प्रतिसाद आले आणि रहाडीचे नाव कोणीच काढले नाही, याचे मला अतोनात आश्चर्य वाटते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जुन्या नाशिकमध्ये पेशवेकाळापासूनचे दगडी हौद जमिनीखाली आहेत. वर्षभर ते मातीने बुजवलेले असतात आणि त्यांच्यावरून वाहने जातात. रंगपंचमीच्या आधी ते उकरून स्वच्छ करतात, फुले उकळून केलेला रंग त्यात भरतात, पूजा होते आणि मग उंचावरून उडी मारायची, तिला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा, त्यामुळे घरी आलेल्या माणसाच्या सदऱ्यावरून तो तिवंध्याला गेला होता की शनी चौकात, हे आई अचूक ओळखते.

2015 च्या रंगपंचमीला माझ्या मोठ्या मुलाने पहिला धप्पा मारला. कडेला उभा राहून तो बराच वेळ थरथरत होता, मागून मंडळी ओरडत होती, आणि मी खाली कमरेइतक्या रंगात हात पसरून उभा होतो. तो माझ्या हातांत न येता थेट माझ्या डोक्यावर आला. त्याचे पुढचे दोन दात आणि माझ्या कपाळावरचा व्रण, दोन्ही त्या वर्षाचे आहेत.

चित्रपट एका वर्षाचा असतो, हे मान्य. पण ही गोष्ट दरवर्षीची असली, तरी तो धप्पा त्याच वर्षाचा होता, सबब नियमात बसवून घ्यावी.

---

वाचनालयातल्या काकू

सर्वांचे प्रतिसाद आवडीने वाचले. मला चित्रपटांचे फारसे कळत नाही. माझे 2015 हे व्याख्यानांचे आणि बातम्यांचे वर्ष होते. जानेवारीत आर. के. लक्ष्मण गेले, जुलैत कलामसाहेब गेले. फेब्रुवारीत भालचंद्र नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झाले, आणि वाचनालयात त्यांची पुस्तके मागायला माणसे येऊ लागली, त्यांतल्या कित्येकांनी ती चार दिवसांत परत आणून दिली, हेही प्रांजळपणे सांगते.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला मी नियमाने जात होते. संध्याकाळी उन्हाने तापलेल्या फरशीची धग सतरंजीतून वर येते आणि वक्ता कितीही रंगला, तरी आरतीची घंटा वाजली की त्याला क्षणभर थांबावेच लागते. ऐकणाऱ्यांत शेंगदाणेवाला असतो, निवृत्त शिक्षक असतात आणि नुसते वाऱ्याला बसलेलेही असतात. घरातले सगळे एक गोष्ट पाहत असत की नाही, हे मला ठाऊक नाही, परंतु घाटावर मात्र एकमेकांना न ओळखणारी माणसे एक गोष्ट ऐकत असत.

30 डिसेंबरला मंगेश पाडगांवकर गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीच्या गच्चीवर वर्षअखेरीचा कार्यक्रम होता. मुलांनी ध्वनिक्षेपक आणलेला होता. कोणीही न सांगता त्यांनी सुरुवातीला पाडगांवकरांची गाणी लावली आणि मधल्या पिढीतल्या मंडळींना सगळे शब्द पाठ असल्याचे पाहून मुले चकित झाली. मग रात्री त्यांचा धांगडधिंगा सुरू झाला, तोही मी पाहिला.

---

सिडकोची सून

काकूंचा घाटाचा मुद्दा पटला, कारण तिथे रिमोट कोणाच्याच हातात नसतो. धागाकर्त्यांना मात्र एक प्रश्न आहे. 2015 मध्येच आमच्या घरात प्रत्येकाच्या हातात फोन आलेला होता. व्हॉट्सॲपवर विनोद फिरत होते आणि डबस्मॅशवर माझे दीर खलनायकांच्या संवादांवर ओठ हलवून सगळ्या नातेवाइकांना छळत होते. मग फूट जिओमुळेच पडली, हे कशावरून?

---

गोदाकाठ

फोन होते, परंतु त्यांत दोन तासांचा चित्रपट पाहण्याइतका डेटा परवडत नव्हता. दिराने केलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत उतरवतानाही आपण वायफाय शोधत होतो. फुटीचे कारण हौस नव्हती, दर होता, असे माझे म्हणणे आहे. रिमोटचा तुमचा मुद्दा मात्र मी विचारात घेतलाच नव्हता. आईला विचारले, तर ती म्हणाली की, पाडव्याला कोणता चित्रपट पाहायचा हे तिला कोणी विचारलेच नव्हते, तिला 'मुंबई-पुणे-मुंबई' पाहायचा होता.

---

तंबोरा

म्हणजे त्या वड्याचा खरा मानकरी कोण होता, हेही आता स्पष्ट झाले.

---

निफाडचा बागायतदार

दर, हे कारण मला पटते. आमच्या मळ्यात आजही टीव्ही एकच आहे, पण रात्री वडील त्यांच्या फोनवर त्याच कार्यक्रमाचे जुने भाग पाहतात आणि हसले की मला हाक मारून तोच प्रसंग पुन्हा दाखवतात.

---

पंचवटीकर

सर्वांचे झाले असेल, तर शेवटचा अर्ज करतो. 'नटसम्राट'ची झलक डिसेंबर 2015 मध्ये दाखवली जात होती आणि मी ती नाशिकमध्येच, दुसऱ्या चित्रपटाच्या आधी पाहिली. झलक ही गोष्ट नियमात बसते की नाही?

---

गोदाकाठ

झलक बसते, चित्रपट बसत नाही. आपण झलकेपुरते मत द्यावे.

---

देवळालीचा कटप्पा

2016 चा धागा निघेल तेव्हा कळवा. 'सैराट'वरचा पहिला प्रतिसाद मी आत्ताच राखून ठेवत आहे, आणि पंचवटीकरांना 1 जानेवारीची खिडकीजवळची जागा द्यावी, अशी शिफारसही करतो.